आधी सांभर उतरवलं

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बाबांना नाही, बहिणीला नाही, ज्यांच्यासोबत घसा बसेपर्यंत घोषणा दिल्या त्या मित्रांनाही नाही. तुला सांगतोय, कारण तुला मी ओळखत नाही. आणि कारण बाबांनी मागितलेली दोन पानं उद्या द्यायची आहेत, आणि चार वेळा सुरुवात करूनही ती दुसऱ्या ओळीपुढे जात नाहीत.

कसली दोन पानं, ते आधी सांगतो. म्हणजे मुद्द्याकडे जायला आणखी थोडा वेळ मिळेल. बघ, आत्ताच पळवाट शोधतोय.

आमचे बाबा पत्रकं काढतात. आयुष्यभर कारखान्यात पाळ्या केल्या आणि सुट्टीच्या दिवशी पत्रकं काढली. दोनदा घडी घातलेला एक कागद, आठ पानं, बहुतेक वेळा फिक्या निळ्या रंगाचा, कारण इंदूरच्या स्नेहलतागंजमधल्या प्रेसवाल्याकडे तो कागद नेहमी उरलेला असायचा. जयंतीला महूत गर्दी लोटते तेव्हा आम्ही स्टॉलवर बसून ती वाटायचो. मी वाचायला शिकलो तो कच्च्या प्रुफांवर. शाळेत जायच्या आधी मला ‘न्याय’ हे जोडाक्षर येत होतं. पुढे मीही लिहायला लागलो, आणि लोक म्हणतात की बाबांपेक्षा तिखट लिहितो. गटार साफ करायला माणूस उतरवणाऱ्यांवर लिहिलं. लग्नाच्या पंगतीत वेगळी ओळ बसवणाऱ्यांवर लिहिलं. आपली खरी ओळख लपवून सोयीने जगणाऱ्या आपल्याच शिकलेल्या पोरांवर लिहिलं — ते तर फार गाजलं. ‘गप्प बसणारा हा अन्यायाचा नोकर असतो,’ असं त्यात एक वाक्य आहे. अजूनही कुणी ना कुणी ते मला ऐकवतं. मी मान खाली घालतो. त्यांना तो नम्रपणा वाटतो.

बाबांचं सगळ्यात गाजलेलं पत्रक आबांवर होतं. आबा म्हणजे बाबांचे वडील. पत्रकाचं नाव: ‘आधी सांभर उतरवलं’. ते आता पुन्हा छापायचंय, आणि त्याला पुढे जोडायला माझी दोन पानं हवीत. बाबा म्हणाले, “तूच लिही. तू त्यांच्या मांडीवर बसून ऐकलीय ती गोष्ट.”

ऐकलीय. तुलाही सांगतो, त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

आमचे पणजोबा फौजेत होते, म्हणून घर महूला. आबा सतरा-अठरा वर्षांचे असतानाची गोष्ट. तेव्हा शिकारीला बंदी नव्हती. छावणीतले साहेब मानपूरकडच्या जंगलात जायचे आणि हाक्यासाठी आमच्या वस्तीतून पोरं उचलायचे. हाका म्हणजे — साहेब मचाणावर बंदूक घेऊन बसणार, आणि पलीकडच्या टोकाने वीस-पंचवीस माणसं डबे बडवत, ओरडत, रान तुडवत येणार. जनावर घाबरून बंदुकीसमोर जातं. बंदुकीसमोर जनावरामागून कोण येतं, ते सांगायला नको.

एका साहेबाने सांभर पाडलं. मग बाजूचं झुडूप हललं म्हणून दुसरा बार काढला. झुडपात आबा होते. पोटरीत छर्रे घुसले. साहेब मचाणावरून म्हणाला, “अरे, ये तो आदमी निकला,” आणि बाकीचे हसले. बैलगाडी एकच होती. तीत सांभर टाकलं आणि सांभराशेजारी आबांना. “त्याचा एक डोळा उघडा राहिला होता,” आबा सांगायचे. “घाटभर आम्ही दोघं एकमेकांकडं बघत आलो.” महूला पोचल्यावर बंगल्याच्या आवारात गाडी थांबली. कातडं खराब होऊ नये म्हणून आधी सांभर उतरवलं. मग आबांना.

एक छर्रा शेवटपर्यंत आबांच्या पोटरीत राहिला. कातडीखाली, ज्वारीच्या दाण्याएवढा. लहानपणी मी तो बोटाने इकडून तिकडे सरकवायचो. आबा म्हणायचे, “हळू रे मिल्या, तो माझा भाडेकरू हाय.” थंडीत पाय ठणकायचा, म्हणून ते नेहमी तो समोर पसरून बसायचे. पायजमा पोटरीपर्यंत दुमडलेला. आलागेला विचारायचा आणि आबा सांगायचे. न लाजता, न रडता. आमच्या घरात देव्हारा नव्हता. समोरच्या भिंतीवर बुद्धाची तसबीर होती आणि तिच्या शेजारी, काचेच्या चौकटीत, त्या निळ्या पत्रकाचं पहिलं पान.

आता मुद्दा. येतोच आहे.

मी भंवरकुआंला एका कोचिंग क्लासमध्ये फिजिक्स शिकवतो. आमच्या स्टाफरूममध्ये तेव्हा तिघांचं जमायचं. एक देशमुख सर, केमिस्ट्री शिकवतात, अमरावतीकडचे, नोकरीसाठी इंदूरला आलेले. त्यांचं स्वच्छ मराठी ऐकलं की मला माझ्या मराठीची लाज वाटायची, कारण माझ्या प्रत्येक वाक्यात दोन शब्द हिंदी असतात. दुसरा पंकज भिया, ॲडमिशनचं काम बघतो, पक्का इंदुरी, म्हणून भैया नाही, भिया. तिसरा मी. देशमुख सर चांगले माणूस आहेत, हे मला त्यांच्या बाजूने सांगायलाच हवं. माझी जात त्यांनी कधी विचारली नाही. आई आजारी होती तेव्हा माझ्या बॅचेस त्यांनी घेतल्या. म्हणजे मला कुणी भिंतीशी दाबून धरलं नव्हतं. कुणी चाकू दाखवला नव्हता.

एका शनिवारी दोन बॅचेसच्या मध्ये मासे पकडायला जायचं आदल्या आठवड्यातच ठरलं होतं, आता त्याची तयारी चालली होती. मानपूरच्या पुढे एक तलाव आहे, तिथे. कोण गाडी काढणार, कोण चटया आणणार, तळायचं तेल कुणाकडे. पंकज भियाला एकच प्रश्न पडला होता.

“पहले ये बताओ भिया, मछली पकड़ना है कि पिकनिक मनाना है? क्योंकि तुम लोगों से मछली तो पकड़ाएगी नहीं. मैं घर से पोहे बांध के लाऊं?”

“पोहे आण, पण सुमडीत खा,” देशमुख सर म्हणाले. “माझ्या आज्याने ऐकलं असतं तर हाकलून दिलं असतं तुला. शिकारीला निघाल्यावर घरचं खाणं म्हणजे अपशकुन.”

मग शिकारीच्या गोष्टी निघाल्या. देशमुखांचे आजोबा शिकारी होते, घरात बंदुका होत्या. त्यांनी एक रानडुकराची गोष्ट सांगितली. तिच्यात एक हाकेवाला होता. डुक्कर उलटं फिरल्यावर तो बाभळीवर चढला आणि काट्यांमुळे दिवसभर त्याला उतरताच येईना. “वरून ओरडून राहिला, मालक, डुकराला सांगा मी घरी जातो म्हणून,” असं त्यांनी त्याच्या आवाजात करून दाखवलं.

पंकज भिया हसला. मीही हसलो. मी आधी हसलो.

खोटं बोलण्याच्या आधीचं ते हसू मला जास्त आठवतं. ते आपोआप आलं. बाभळीवरच्या त्या माणसाचे तळपाय मला दिसले नाहीत. ज्या घरात मी वाढलो, त्या घरातल्या पोराला आधी ते तळपाय दिसायला नकोत का?

देशमुख सर माझ्याकडे वळले. “तुमच्याकडे असेल की कोणी शिकारी? फौजेतले लोक तुम्ही.”

“होते ना,” मी म्हणालो. “आमचे आबा.”

इथपर्यंत येऊनही परतता आलं असतं. आबा शिकारीत होते, हे खरंच होतं. फक्त कुठल्या टोकाला, तेवढं सांगायचं होतं. पण ते सांगितलं असतं तर खोली गप्प झाली असती. देशमुख सरांनी चेहरा गंभीर केला असता, ‘फार वाईट झालं’ म्हणाले असते, आणि पुढे कधी माझ्यासमोर बाभळीची गोष्ट सांगितली नसती. मला ते गप्प होणं नको होतं. मला त्या हसण्यात बसायचं होतं. याहून मोठं कारण मी शोधलं, सापडलं नाही.

मी आबांना मचाणावर बसवलं. बारा बोरची बंदूक त्यांच्या हातात दिली. सांभर त्यांनी पाडलं, झुडूप हललं तेव्हा दुसरा बारही त्यांनीच काढला. झुडपातून निघालेल्या माणसाला मी नाव दिलं नाही — असल्या गोष्टींत त्यांना नाव नसतंच. आणि मग मी ते केलं. खुर्चीवर मागे रेललो, एक डोळा मिटला, एक उघडा ठेवला, आणि सांभराशेजारी पडलेला तो माणूस करून दाखवला. गाडीच्या धक्क्यांसकट. ‘आधी सांभर उतरवलं’ हे वाक्य मी शेवटी टाकलं, थांबून, नेमक्या जागी.

पंकज भियाचा चहा पँटवर सांडला. “मतलब एक गाड़ी में दो सवारी,” तो म्हणाला, “और टिकट सांभर का पहले कटा.” संध्याकाळपर्यंत त्याने आमचा व्हॉट्सॲप ग्रुप काढला. नाव ठेवलं ‘सांभर सवारी’. पुढचे पंधरा दिवस तिथे एकच विनोद चालला. जो उशिरा येईल, तो सांभराशेजारी झोपेल. जो तेल विसरेल, तो सांभराशेजारी. मी त्या प्रत्येकाला हसण्याचं चित्र पाठवलं.

जरा उठून पाणी पिऊन आलो. बाहेर मुलांचा घोळका जिन्यात उभा आहे, चारची बॅच माझी आहे. अजून अर्धा तास.

आता ते सांगतो, ज्यामुळे हे खोटं स्टाफरूममध्ये राहिलं नाही.

आबांना मासे धरायचं वेड होतं. आर्मी वर्कशॉपमधून निवृत्त झाल्यावर तेच त्यांचं काम. बांबूच्या दांड्या स्वतः तासायचे. तरंगा मोरपिसाच्या देठाचा. कणकेत हिंग आणि भाजलेल्या शेंगदाण्याचा कूट घालून आमिष करायचे. पण दोन वर्षं झाली, गुडघ्यामुळे बाबांनी एकट्याला जायला बंदी केली होती, आणि कुणाला वेळ नव्हता. मी वर्षभर म्हणत होतो, या वेळी नेतो. या ट्रिपचं ठरल्यावर फोनवर बोलून गेलो, “आबा, तुम्हीच चला आमच्याबरोबर, तुमच्याशिवाय आम्हाला काय जमतंय.” ते खोटं बोलण्याच्या आधीच ठरलं होतं. नंतर मी मोडू शकलो असतो. मोडलं नाही, कारण आबा रोज फोन करत होते. दोरीला मेण लावून ठेवू का? तुझ्या साहेबांना गळ बारीक लागतील का जाड? पाऊस झालाय, पाणी गढूळ असेल, आमिषाला वास जास्त ठेवतो. ऐंशीच्या घरातला माणूस, आणि आवाज असा की उद्या सहल आहे.

तिकडे आबा येणार म्हटल्यावर देशमुख सर खूश. “आबांकडूनच ऐकू ती गोष्ट.”

पंधरा दिवस होते माझ्याकडे. देशमुखांना बाजूला घेऊन सांगता आलं असतं. आबांना सांगता आलं असतं. रोज सकाळी ठरवायचो, आज. आणि रोज एक नवा विनोद ग्रुपवर यायचा.

ठरलं असं की रविवारी सकाळी सातला देशमुख सर गाडी घेऊन महूला येतील, आबांना आणि मला घेतील आणि पुढे मानपूरकडे. मी शनिवारीच घरी गेलो. बाबा आणि घरचे सगळे नागपूरला लग्नाला गेलेले. त्या दिवशी बाबा घरात असते तर काय झालं असतं, ही कल्पना मी अनेकदा करून पाहिली आहे. दर वेळी आधी सुटल्यासारखं वाटतं आणि मग लाज.

रविवारी मी उठलो तेव्हा आबा तयार होते. डोक्याला टोपी. दांड्या जुन्या चादरीच्या पट्टीने बांधलेल्या. आमिषाचा स्टीलचा डबा ओल्या फडक्यात. पायजमा पोटरीपर्यंत दुमडलेला, पाण्यात उतरायला. ते मोरीत हात धुवायला गेले तेवढ्यात मी स्टुलावर चढलो आणि भिंतीवरची ती चौकट काढली. शालीत गुंडाळली आणि ट्रंकेवरच्या रजयांमागे सरकवली. भिंतीवर तिच्या जागी फिका चौकोन राहिला, आणि खिळा. तो झाकायला काही नव्हतं.

माझा बेत असा होता की गाडी आली की आबांना दारातूनच बसवायचं, कुणाला आत येऊ द्यायचं नाही. पण देशमुख सर संस्कारी माणूस. बूट काढून आत आले, आबांच्या पायांना हात लावायला वाकले. आबांनी पाय मागे घेतले. “बसा साहेब, चहा टाकलाय.” पंकज भिया दांड्या उचलून बघत होता. “दादाजी, ये तो दुकान में बी नी मिले. हमको बी एक बना दो.” आबा हसले. त्यांनी त्याला तरंगा कसा बघायचा ते दाखवलं — पीस आडवं पडलं तर थांबायचं, उभं बुडालं तर ओढायचं. खोली चांगली हलकी झाली होती. मला वाटलं, सुटलो.

मग देशमुख सर म्हणाले, “आबा, आता ते सांगाच. सांभराचं. मिलिंद सरांनी सांगितलं आम्हाला, पण तुमच्या तोंडून ऐकायचंय. मचाणावरून तुम्हाला झुडपात सांभर वाटलं आणि निघाला माणूस, ते.”

आबांनी कपात बशी ठेवली — म्हणजे बशीत कप. बघ, लिहितानाही उलटं होतंय. त्यांनी समोरच्या भिंतीकडे पाहिलं. खिळा पाहिला. मग त्यांनी दुमडलेला पायजमा खाली सोडला, दोन्ही हातांनी, घोट्यापर्यंत. पसरलेला पाय जवळ ओढून मांडी घातली. ती मांडी त्यांना दुखत होती, ते मला त्यांच्या ओठांवरून दिसलं.

आणि ते सांगायला लागले.

“बंदूक बारा बोरची होती,” आबा म्हणाले. “हात तेव्हा असा थरथरत नव्हता माझा.”

सगळं सांगितलं. मी सांगितलं होतं त्याहून चांगलं. मचाणाच्या दोऱ्या कशा करकरतात. हाका लांबून येतो तेव्हा आधी मोर ओरडतात. हे त्यांना मचाणावरून कुठून माहीत असणार? खालून माहीत होतं. मोर त्यांनीच उठवले होते. ते फक्त जागा बदलून सांगत होते. “झुडूप हललं, मी बार काढला. एक बार सांभराला, एक त्या गाढवाला.” पंकज भियाने टाळी दिली. आबांनी ती घेतली. गाडीचं सांगितलं, उघड्या डोळ्याचं सांगितलं. आणि शेवटी म्हणाले, “महूला पोचलो. आधी सांभर उतरवलं.”

दोघं पोट धरून हसले. हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलो होतो. ते आल्यावर बायका पदर तोंडाला लावायच्या. त्यावर कुणाला हसताना मी त्या घरात कधी पाहिलं नव्हतं.

हसणं ओसरल्यावर देशमुख सरांनी डोळे पुसत विचारलं, “मग त्याचं काय झालं हो आबा? त्या हाकेवाल्याचं?”

“काय माहीत साहेब,” आबा म्हणाले. “त्याला कोण विचारतं.”

मग उठताना ते भिंतीला धरून उठले. म्हणाले, आज पाय ठणकतोय, तुम्ही जा, तलावाचा उतार मला झेपायचा नाही. पंकज भिया म्हणाला, दादाजी, उठा के ले चलेंगे. देशमुख सर म्हणाले, आपण हळूहळू चालू. मी म्हणालो, “चला ना आबा.” एकदा. एकदाच म्हणालो. त्यांनी दांड्या माझ्या हातात दिल्या, डबा दिला, टोपी काढून खुंटीला अडकवली. गाडी गल्लीतून वळेपर्यंत ते दारात उभे होते. मी हात केला.

तलाव छान होता. हेही सांगायला हवं, की त्या दिवशी मला मजा आली. आबांच्या आमिषाला रोहू लागला. पीस उभं बुडालं, मी ओढला. तीन-एक किलोचा असेल. देशमुख सरांनी फोटो काढला. त्या फोटोत माझ्या हातात मासा आहे, दुसऱ्या हातात आबांची दांडी, आणि मी मोकळा हसतोय. खोटं हसू असतं तर बरं झालं असतं.

दुपारी घरी आलो तेव्हा चौकट भिंतीवर होती. काच पुसलेली. आबा तिच्याखाली बसले होते, पाय पसरून. त्यांनी विचारलं, “पाणी कसं होतं?” मी म्हणालो, गढूळ. “हिंग जास्त झालं नाही ना?” मी म्हणालो, नाही. मासा त्यांनीच साफ केला. खवले काढताना त्यांचा हात हळू चालत होता. आम्ही जेवलो. बाबा दोन दिवसांनी आले, त्यांना काहीच कळलं नाही. भिंतीवर सगळं जागच्या जागी होतं.

आबा मला कधी काही बोलले नाहीत. वाट बघितली मी. शिवी दिली असती तरी चाललं असतं. पुढच्या जयंतीला स्टॉलवर शाळेची पोरं आली, नेहमीसारखी म्हणाली, आबा, सांभराची गोष्ट सांगा. आबा म्हणाले, “मिलिंदला विचारा. त्याला चांगली सांगता येते.” मिल्या म्हणाले नाहीत. आवाजात टोमणा नव्हता. मी तिथेच, त्यांच्या शेजारी बसून, पोरांना खरी गोष्ट सांगितली. पोरं गप्प होऊन ऐकत होती. आबा रस्त्यावरची गर्दी बघत होते. त्यानंतर ती गोष्ट त्यांनी कुणालाही सांगितली नाही. बाबांना वाटलं, म्हातारपण.

मागच्या थंडीच्या आधीच्या थंडीत आबा गेले. अस्थी गोळा करायला मी आणि बाबा गेलो. मी राखेत बोटं घालून तो छर्रा शोधत राहिलो. शिसं किती तापमानाला वितळतं, हे मी दरवर्षी फळ्यावर लिहितो. तरी शोधत राहिलो. बाबांना वाटलं, पोराला सहन होत नाहीये. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी तो राहू दिला.

‘सांभर सवारी’ अजून चालू आहे. मी त्यात आहे. गेल्या आठवड्यात देशमुख सरांनी लिहिलं, थंडी पडली की परत जाऊ, या वेळी नवीन जॉइन झालेल्या सरांनाही नेऊ, त्यांना आबांची गोष्ट सांगायची. पंकज भियाने हात जोडलेलं चित्र टाकलं, आबांच्या आठवणीत. मी काहीच टाकलेलं नाही.

बाबा, त्या दोन पानांऐवजी हेच उद्या तुमच्या हातात येईल. तुम्ही चष्मा चढवून, लाल पेनाने, शुद्धलेखन बघत वाचाल, आणि कुठल्या तरी ओळीवर पेन थांबेल. मी समोर बसलेला असेन. तुम्ही हे छापलं तर छापा. फाडलं तर फाडा. छापलं, तर ग्रुपवर हेच पाठवीन. नाही छापलं, तरी पाठवीन.

आता शेवटचं. चारला पाच मिनिटं आहेत, मुलं आत जाऊन बसली आहेत.

मघाशी लिहिलं की आबांनी भिंतीकडे पाहिलं, पायजमा खाली सोडला आणि सांगायला लागले. हे वाचून तुला वाटलं असेल की म्हाताऱ्याने नातवाची अब्रू स्वतःहून राखली आणि नातू फक्त गप्प बसला. गप्प बसण्यापुरतं मी केव्हाच कबूल केलं असतं. त्यावर तर मी पत्रक लिहिलंय.

तसं झालं नाही. भिंतीकडे पाहिल्यावर आबा माझ्याकडे वळले. देशमुख सर कपात बघत होते, पंकज भिया दांडीशी खेळत होता, त्यामुळे ते फक्त मला दिसलं. आबांनी भुवया थोड्या वर केल्या. लहानपणी पतंगाची दोरी माझ्या हातात देताना करायचे, तसं — सोडू का? ते थांबले होते. माझ्या उत्तरासाठी थांबले होते. मी ‘नाही’ म्हटलं असतं, नुसती नजर खाली टाकली असती, तरी त्यांनी त्या दोघांना पोटरी दाखवली असती आणि नेहमीसारखं सांगितलं असतं.

मी मान हलवली. हो म्हणून.

मग त्यांनी पायजमा खाली सोडला.